उतारा

वर्धेतल्या आमच्या वाचनालयातून एखादी जुनी कादंबरी घरी आणली आणि मध्येच कुठल्यातरी पानाच्या समासात शिसपेन्सिलीचा बारीक ठिपका दिसला, तर तो कसरीचा समजू नका. कसर इतकी नेमकी नसते. तो ठिपका पेन्सिलभाऊंचा. त्या ओळीवर नायकाला, नायिकेला किंवा दोघांना मिळून एक गोष्ट कळलेली असते: इतकी वर्षं आपण जिला नुसती दोस्ती म्हणत होतो ती नुसती दोस्ती नव्हती. या घटनेला भाऊंच्या परिभाषेत 'कळतं' म्हणतात. "कोणत्या पानावर कळतं?" एवढाच प्रश्न ते पुस्तकाविषयी विचारतात. लेखक कोण, भाषा कशी, पुरस्कार कोणता, या चौकशा त्यांच्या लेखी पंगतीत बसून मांडववाल्याचं नाव विचारण्यासारख्या.

भाऊ हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहेत. जिनिंगमध्ये काय होतं ते कापसाच्या मुलखाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, कारण भाऊंचं सगळं साहित्यशास्त्र तिथूनच आलेलं आहे. शेतकऱ्याचा कापूस रेच्यावर जातो, रुई एका बाजूला पडते आणि सरकी दुसऱ्या बाजूला. रुई दाबून तिची एकशे सत्तर किलोची गठाण बांधतात. क्विंटलभर कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते. या आकड्याला रुईचा उतारा म्हणतात. उतारा एका टक्क्यानं घसरला की शेठजींचा चेहरा तीन टक्क्यांनी घसरतो. दिवसभर उतारे लिहिणाऱ्या माणसानं संध्याकाळी कादंबरी हातात घेतली, तर तिचं जे व्हायचं तेच झालं.

भाऊंची एक लाल कापडी पाठीची वही आहे. तिच्यात चार रकाने आहेत: पुस्तक, एकूण पानं, कोणत्या पानावर कळतं, उतारा. समजा दोनशे दहा पानांची कादंबरी आहे आणि एकशे चाळिसाव्या पानावर कळलं. उरली सत्तर. उतारा तेहतीस पूर्णांक तेहतीस. भाऊ खुशीत येऊन शेरा मारतात, "एक नंबर माल." विसाव्याच पानावर कळलं तर शेरा पडतो, "ओला कापूस." शेवटच्या पानावर कळलं तर, "लेखकाजवळचे कागद सरले."

वहीत नोंद व्हायची तर तीन अटी आहेत. पहिली, दोघांची ओळख जुनी असावी. दुसरी, त्या दोघांना काहीच माहीत नसावं. तिसरी, वाचकाला मात्र पहिल्यापासून माहीत असावं. तिसऱ्या अटीवर भाऊ फार कडक आहेत. "आपल्याले माहीत हाये, त्यायले नाई. मजा तं तेवढीच हाये ना बाप्पा!" असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. कुठल्याही गावात दोघांचं जमलंय ही बातमी सगळ्यात शेवटी त्या दोघांना कळते. चहावाल्याला आधी, रिक्षावाल्याला मग, शेजारच्या काकूंना तर जमायच्याही आधी. दोस्तीतून प्रेमाची कादंबरी वाचताना घरबसल्या तो चहावाला होता येतं.

या तीन अटींच्या चाळणीतून मराठी साहित्य गाळलं की फार थोडं खाली पडतं. ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरी कशी रचावी ते शिकवलं. पण त्यांच्या नायक-नायिकांना दोस्ती करायला सवडच नसते, असं भाऊंचं मत. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वर त्यांचं प्रेम आहे, नोंद मात्र नाही. "थो जोशी नुसता पाहून राह्यला. पाहणं म्हनजे दोस्ती व्हय का?" चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'चा अश्लीलतेचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ साली लेखक सुटला. त्यावर भाऊंची तक्रार अशी, की इतक्या कोर्टांनी ती गोष्ट वाचली, पण उतारा एकानंही काढला नाही. त्याच १९६९ साली वर्धेत साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते पु. शि. रेगे. त्यांची 'सावित्री' नुसत्या पत्रांची आहे. भाऊंनी ती तीनदा वाचली. वाचनालयाच्या प्रतीत ठिपका नाही. शेवटच्या पानावर बारीकसं प्रश्नचिन्ह आहे, आणि भाऊंच्या हातून कुठल्याही लेखकाला मिळालेला तो सर्वोच्च सन्मान आहे.

विलायती मालही त्यांनी तपासला आहे. एका प्राध्यापकांना दोन संध्याकाळी आलुबोंडे खाऊ घालून भाऊंनी जेन ऑस्टेनची 'एमा' ऐकून घेतली. १८१५ सालची गोष्ट. नाइटली नावाचा गृहस्थ एमाला तिच्या जन्मापासून ओळखतो, घरी येतो, तिच्या बापाशी गप्पा मारतो आणि तिच्या चुका काढतो. ती जगाची लग्नं जुळवत फिरते. पंचावन्न प्रकरणांपैकी सत्तेचाळिसाव्यात तिला एकदम कळतं. आवृत्तीगणिक पानं बदलतात म्हणून भाऊंनी हिशेब प्रकरणांवर केला: उतारा साडेचौदा. "धागा लांब हाये," ते म्हणाले, "पन उतारा कमी." आणि मग बराच वेळ गप्प बसून, "आठच प्रकरणं उरली बिचारीले."

आता हे वेड वर्धेतच का निपजावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वर्धा जिल्ह्यात सावलीला बसायच्या जेवढ्या चांगल्या जागा आहेत, तेवढ्या सगळ्यांवर कुणा ना कुणा ब्रह्मचाऱ्याची आठवण आहे. १९०६ साली ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेले बापू १९३६ साली सेवाग्रामला येऊन राहिले. पवनारला धाम नदीचा काठ आहे, वारा आहे, संध्याकाळ आहे, आणि वर टेकाडावर आजन्म ब्रह्मचारी विनोबांचा आश्रम आहे. तिथंच त्यांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर काढलं, तेही ब्रह्मचारिणींसाठी. गोपुरीला गीताई मंदिरात जावं तर दोन्ही बाजूंना उभ्या शिळा, आणि प्रत्येक शिळेवर श्लोक. अशा ठिकाणी एखाद्या मुलीच्या मनातलं विचारायला तोंड उघडावं, तर समोरची शिळा स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगत असते. नकार मिळाला तर दुःखात बुडायचीही सोय नाही; जिल्ह्यात दारूबंदी. १९१७च्या 'देवदास'मधली दोस्ती भाऊंच्या तिन्ही अटींत बसते. पण त्यावर त्यांचा शेरा आहे: "वर्धा जिल्ह्यात चालनार नाई."

परंपराही मदतीला येत नाही. आर्वीकडून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अमरावती जिल्ह्यात कौंडिण्यपूर, म्हणजे रुक्मिणीचं माहेर. आमच्या भागातली ही सगळ्यात जुनी प्रेमकथा. पण तिच्यात ओळख ना पाळख. रुक्मिणीनं कृष्णाची नुसती कीर्ती ऐकली, सात श्लोकांचं पत्र ब्राह्मणाच्या हाती धाडलं, आणि देवाचा रथ दारात! भाऊ हात जोडतात, पण नोंद करत नाहीत. "देवायचं येगळं हाये. आपन पत्र धाडलं तं ब्राह्मन पयले तिच्या बापाले वाचून दाखवन." उलट ज्या दोघांची खरी दोस्ती, त्या कृष्ण-द्रौपदीचा उतारा शून्य.

सेवाग्रामची एक खरी गोष्ट मात्र भाऊ मान खाली घालून सांगतात. आयी गणपत तेंडुलकर आणि बेळगावच्या इंदुमती गुणाजी यांना लग्न करायचं होतं. बापूंनी अट घातली, पाच वर्षं थांबा. भेटायचं नाही, पत्रही नाही. दोघं थांबली. मधल्या काळात दोघांच्या वाट्याला तुरुंग आला. १९४५ साली सेवाग्रामला लग्न लागलं. "पाच वर्षं," भाऊ म्हणतात, "एक पान नाई उलटलं. आता याचा उतारा कोनत्या हिशेबानं काढावा?" मी म्हटलं, तो शून्याने भागायचा प्रकार आहे. भाऊंना ते पटलं.

भाषेनंही घोळ घालून ठेवला आहे. मराठीत सखा म्हणजे मित्र, आणि सखा म्हणजे तोही. 'सखे' म्हणून हाक मारणारा नुसता मित्र मराठी कवितेनं पाहिलेला नाही. प्रियकर हा शब्द तर आता पोलिसांच्या बातमीतच उरला आहे. प्रियकर म्हटला की पुढे फरार येतोच. राहिला मित्र. 'तो तिचा मित्र आहे' हे वाक्य आमच्याकडे दोन आवाजांत म्हणता येतं. मोठ्यानं म्हटलं तर एक अर्थ, हळू म्हटलं तर दुसरा. मराठी प्रेमकथेचा सगळा प्रवास या दोन आवाजांच्या मधल्या वाटेवर होतो.

त्या वाटेवर भाऊ स्वतः तीनदा चालून आले. तिन्ही वेळा मांडवापर्यंत पोचले आणि तिन्ही वेळा पाहुण्यांना सरबत वाटून परतले.

१९८९ साली दोन सिनेमे आले. अमेरिकेत 'व्हेन हॅरी मेट सॅली' आणि वर्ष संपता संपता आपल्याकडे 'मैंने प्यार किया'. मुलगा आणि मुलगी नुसते मित्र राहू शकत नाहीत, हा सिद्धांत तिकडे नायकानं मांडला आणि इकडे खलनायकानं. दोन संस्कृतींतला फरक यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. इकडच्या सिनेमानं 'फ्रेंड' असं लिहिलेली टोपी बाजारात आणली. गांधी टोपीच्या जिल्ह्यात ती टोपी घालून सायकलवर फिरणारा पहिला माणूस म्हणजे भाऊ. टोपीचा परिणाम झाला. वर्गातल्या एका मुलीनं ती वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. तीन वर्षं भाऊंनी तिच्या अकाउंटन्सीच्या वह्या पूर्ण केल्या, तिच्या सायकलची चेन बसवली, तिच्या आजीला दवाखान्यात नेलं. त्यांना 'भाऊ' हे नाव तिनंच दिलं. मग सगळा वर्ग म्हणू लागला. तिच्या लग्नाची पहिली पत्रिका गणपतीला गेली आणि दुसरी भाऊंना.

दुसरी गाडीत भेटली. हिंगणघाटला नोकरीला जाणारी. दोन वर्षं एकाच डब्यात बसणं, एकाच डब्यातलं खाणं. एका संध्याकाळी भाऊ मला हळूच म्हणाले, "दोनशे दहातले एकशे तीस पानं झाले असन." पुढच्याच सोमवारी ती एका गृहस्थांना बरोबर घेऊन आली. ओळख करून दिली आणि म्हणाली, "भाऊ, उद्यापासून दोन जागा धरजा."

तिसरीच्या वेळी 'कुछ कुछ होता है' येऊन गेला होता आणि वर्धेच्या दुकानांत मैत्रीचे पट्टे लटकू लागले होते. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तिनं भाऊंच्या मनगटावर निळा पट्टा बांधला. भाऊ रात्री आंघोळीला तो हात पाण्याबाहेर धरत. पण हा महिना फसवा आहे. मैत्री दिवस आणि राखी पौर्णिमा बहुतेक वर्षी एकाच महिन्यात येतात. पट्ट्याचा रंग उडायच्या आत त्याच मनगटावर, त्याच हातांनी, गोंड्याची राखी आली. "बदली झाली," भाऊ मला म्हणाले. "खातं तेच हाये. पद बदललं."

मी तेव्हा चिडून त्यांना विचारलं होतं, "अरे, पण तू एकदा तरी बोललास का?"

"म्या कायले बोलू?" त्यांनी खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं विचारलं. "कळते ना."

या गोष्टींची खरी गोडी मला त्या दिवशी उमगली. प्रथमदर्शनी प्रेमाच्या कादंबरीत कुणाला तरी धाडस करावं लागतं. चिठ्ठी द्यावी लागते, रस्ता अडवावा लागतो, थोबाडीत खायची तयारी ठेवावी लागते. दोस्तीच्या कादंबरीत कुणीच काही करत नाही. दोघं चहा पितात, भांडतात, परीक्षेचे फॉर्म भरतात, आणि एका पानावर लेखक त्यांना कळवून टाकतो. नकाराला जागाच ठेवलेली नसते. बापाला ओळखणाऱ्या चहावाल्यांच्या गावात वाढलेल्या भित्र्या माणसाला याहून मोठं आश्वासन कोण देणार? फक्त एवढंच, की कादंबरीत पान लेखक उलटतो. हिंगणघाटच्या गाडीत ते आपल्याला उलटावं लागतं. भाऊ वाचक होते, वाट पाहत बसले.

'ती सध्या काय करते' हा सिनेमा २०१७ साली आला, तेव्हा महिनाभर सगळ्या महाराष्ट्राच्या मोबाईलवर त्या नावाचे विनोद फिरत होते. बालपणीची मैत्रीण, आणि ज्याला वेळेवर कळलं नाही असा नायक. भाऊंनी एकही विनोद पुढे पाठवला नाही. त्यांना त्या तिघी सध्या काय करतात ते पक्कं ठाऊक होतं. पहिलीच्या मुलाच्या मुंजीचं केटरिंग त्यांनीच ठरवून दिलं होतं.

तिसऱ्या मांडवानंतर पाच-सहा वर्षांनी, चौतिसाव्या वर्षी, घरच्यांनी भाऊंना सेलू तालुक्यातल्या एका गावी मुलगी पाहायला नेलं. मी बरोबर होतो. पोहे आले, मुलगी आली, मोठी माणसं दोन मिनिटं बाहेर गेली. अशा वेळी नवरा मुलगा शिक्षण विचारतो, स्वयंपाक विचारतो. भाऊंनी विचारलं, "तुमाले कोनी मित्र हाये का?"

मी पोह्यातल्या दाण्यांकडे पाहू लागलो. बाहेरच्या खोलीत खोकला झाला. मुलीनं मात्र नीट विचार केला.

"म्हैस हाये," ती म्हणाली. "तिच्याशी जमते माझं. बाकीच्यायले येळ नसते."

लग्न झालं. भाऊंनी ते कर्तव्य म्हणून केलं आणि वाचन छंद म्हणून चालू ठेवलं. दोन्ही खाती वेगळी. त्यांच्या मते ठरवून केलेल्या लग्नाला उताराच नसतो, कारण पहिल्याच पानावर अंतरपाट धरलेला. टीव्हीवर २०१२ साली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' सुरू झाली आणि घरोघरी बायका आठची वाट पाहू लागल्या, तेव्हा भाऊ म्हणाले, "उलटा रेचा हाये हा. पयले गठाण, मंग कापूस." पण मला वाटतं, आपल्याकडची कितीतरी लग्नं याच उलट्या रेच्यावरची. आधी अक्षता, मग ओळख, मग कधीतरी दोस्ती. आणि ज्यांची दोस्ती झाली त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्धेत पुन्हा साहित्य संमेलन भरलं. शहाण्णवावं. नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष. भाऊ तिन्ही दिवस रजा टाकून मांडवात होते, पण व्याख्यानाला एकाही बसले नाहीत. ग्रंथप्रदर्शनात गाळ्यागाळ्याला उभे राहून विचारत होते, "दोस्तीतून प्रेम झालेलं काही हाये का?" एक विक्रेता म्हणाला, "प्रेमाचं आहे, मैत्रीचंही आहे. एकत्र नाही." दुसऱ्यानं त्यांना समुपदेशनाचं पुस्तक दाखवलं. तिसऱ्यानं सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' पुढे केली. भाऊ म्हणाले, "चवथी प्रत होईन माझी." आणि घेतली. वहिनी मागे पिशवी धरून उभ्या होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पैसे सुटे हाये ना?" आणि पदराच्या गाठीतून काढून दिले. मी त्यांना या प्रकाराचा राग येतो का म्हणून विचारलं. "कायले?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचे मानसं बाहेर जाऊन पत्ते खेळतात."

गेल्या पावसाळ्यात भाऊंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही म्हणून बजावलं. मी गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला गेलो. वर्धेत आजाऱ्याला, परीक्षार्थीला आणि दिल्लीला निघालेल्याला गोरसपाकच नेतात. भाऊ पलंगावर टेकून, एका डोळ्यावर पट्टी. वहिनी खाली चटईवर बसून मोठ्यानं वाचत होत्या. जिल्द गेलेली, नाव फाटलेली एकशे शहाऐंशी पानांची जुनी कादंबरी. वहिनींचं वाचन म्हणजे तलाठ्यानं सातबाराचा उतारा वाचावा तसं. विरह आणि विहीर दोन्हींवर सारखाच जोर.

मला चहा आला. वहिनींनी बशीत एक गोरसपाक स्वतःला घेतला आणि पुढे वाचू लागल्या. मध्येच थांबल्या.

"द्या ठिपका."

"कोनतं पान?" भाऊंनी विचारलं.

"एकतीस."

भाऊ हसले. पट्टीवाला माणूस जेवढा हसू शकतो तेवढं. "एकतीसवर कसं कळंन? उतारा काढला का तुनं? त्र्याऐंशी येते. देवाच्या कापसालेबी तेवढा नसते. हे पुस्तक माझं वाचलेलं हाये. एकशे चोवीसवर कळते. पावसात. बरोबर तेहतीसचा माल."

"पावसात तं कोनालेबी कळते," वहिनी म्हणाल्या.

भाऊ ताठ बसले. वाद पेटला. बोलता बोलता त्यांनी चाचपडत खाली हात घातला, वहिनींच्या बशीतला गोरसपाक उचलला, अर्धा मोडला आणि वहिनींच्याच कपात बुडवला. वहिनींनी पुस्तकातून मान वर न करता कप दोन बोटं त्यांच्याकडे सरकवला.

"एकतीसवर झालं तरी काय असं?" भाऊ तोंडात घास घेऊन म्हणाले.

"त्यानं तिच्या डब्यातली लोनच्याची फोड न इचारता उचलली. अन् तिनं डबा आपल्याकडं ओढला नाई."

"मंग?"

"मंग काय? पुढचे सारे कागद लेखकानं भरले."

मी चहाकडे पाहत राहिलो. वहिनींनी पान उलटलं नाही. बहुधा वीस वर्षांचं साचलेलं होतं. "अन् हा तुमचा उतारा. चौतीस किलो रुई निघते, तं बाकीचं काय फेकून देता तुमी जिनिंगात? सरकी हाये ना ते. तेल कायचं निघते? ढेप कायची होते? आमची म्हैस काय रुई खाऊन दूध देत होती? माहा बाप वावरात सरकीच टोबे. रुई टोबून कपाशी उगवलेली पाह्यली का तुमी कधी?"

भाऊंच्या वहीत चार रकाने आहेत. सरकीचा नाही. पस्तीस वर्षांत तो आखायचं त्यांना सुचलं नव्हतं. मलाही, रोज ते उतारे ऐकून, सुचलं नव्हतं. आम्ही दोघं एकशे चाळीस पानं पार करायची असतात असंच धरून चाललो होतो. अशी कादंबरी मिटल्यावर मी नेहमी मागे जाऊन सुरुवातीची पानं पुन्हा चाळतो. तो चहा, ते भांडण, तो फॉर्म आता काय म्हणतोय ते पाहायला. तेव्हा ते सगळं वेगळंच दिसतं आणि एक अक्षरही बदललेलं नसतं. प्रथमदर्शनीच्या गोष्टीत मागे जायला पानंच नसतात. आपण माणसाबरोबर काढलेला, तेव्हा बिनमहत्त्वाचा वाटलेला वेळ फुकट गेला नव्हता, असं कुणीतरी छापून सांगतं. लोक याच्यासाठी पैसे देतात, आणि देतील. वहिनी मात्र मागे गेल्या नव्हत्या. त्यांनी एकतिसावं पान एकतिसाव्या पानावरच वाचलं होतं.

"मंग ठिपका कुठं देऊ?" शेवटी भाऊ म्हणाले.

"एकतीस."

"एकशे चोवीस."

मी उठलो. दारापर्यंत पोचवायला कुणी आलं नाही.

परवा वाचनालयात गेलो, तर काउंटरवरच्या बाई नोंदवही पुढे करून म्हणाल्या, "तुमच्या दोस्ताला सांगा जरा. ते जिल्द गेलेलं पुस्तक, महिना होऊन गेला, परत नाही आणलं. त्यांचं असं कधी होत नाही. दंड चढून राह्यला."

मी म्हटलं, "चढू द्या."